माती दिलेल्यांच्या भेटीला : सोलापूर जिल्ह्यातले चार दिवस

आमच्या घरी माणूस गेला की त्याला माती देतात. पुण्याच्या शाळेत असताना, बहुतेक मैत्रिणींच्या घरी अग्नी देतात आणि अस्थी नदीत सोडल्या की त्या माणसाला भेटायला जाण्याची ठरावीक जागा उरत नाही, हे मला कळले तेव्हा फार वाईट वाटले होते. सोलापूरला आजोळी गेले की मामा मला एकदा तरी आजोबांच्या समाधीवर नेत आणि निघताना ‘आजोबांना भेटून येऊ’ असेच म्हणत. त्या सवयीतूनच पुढे मनात आले की ज्यांची नावे आपण चौकांना आणि शाळांना दिलेली पाहतो, ती माणसे कुठे विसावली आहेत, हे आपल्या जिल्ह्यापुरते तरी एकदा जाऊन पाहावे. गेल्या डिसेंबरात चार दिवसांची सवड मिळाली. मामा शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत आणि मराठी व कन्नड या दोन्ही भाषा ते सारख्याच सहजतेने वाचतात. गाडी मी चालवायची आणि वाट त्यांनी दाखवायची, असे ठरले.

पहिला दिवस : सोलापूर

सुरुवात ९ डिसेंबरलाच करायची, हा मामांचा आग्रह होता, कारण तो डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा स्मृतिदिन. भैय्या चौकातल्या त्यांच्या राहत्या घराचे आता स्मारक झाले आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाला आणि १९३८ मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेला. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस मात्र तिथेच राहिले. आघाडीवरच्या जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले, तिथे परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचे असताना, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. तेव्हा त्यांचे वय ३२ होते.

स्मारकातल्या छायाचित्रांपुढे मी बराच वेळ उभी होते. एका छायाचित्रात ते सैनिकी गणवेशात आहेत, आणि टोपीखालचा चेहरा मात्र सोलापूरच्या कोणत्याही वाड्याच्या दारात दिसावा असा आहे. त्यांची कबर इथे नाही. ती आहे उत्तर चीनमधल्या षिच्याच्वांग शहराच्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत, त्यांच्याआधी १९३९ मध्ये तिकडेच वारलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या सान्निध्यात. एप्रिलमध्ये छिंगमिंगच्या दिवशी चिनी माणसे आपापल्या पूर्वजांची थडगी झाडून-पुसून साफ करतात, त्या दिवशी कोटणीसांच्या कबरीवरही फुलांचा ढीग पडतो. मामा म्हणाले, “आपल्याकडे अमावास्येला आपण करतो, तेच ते. तिकडे त्यांचं घरचं कुणी करतंय, असं समजायचं.” यिनहुआ १९६७ मध्ये, वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच गेला आणि क्वो छिंगलान २०१२ मध्ये गेल्या, म्हणजे रक्ताचे असे तिथे आता कोणी उरलेले नाही, तरी परक्या मुलखात माती मिळालेल्या माणसाला तिथल्या लोकांनी आपल्या पितरांत धरले आहे, ही गोष्ट मला स्मारकातल्या कोणत्याही वस्तूपेक्षा मोठी वाटली.

तिथून आम्ही चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. गांधीजींच्या अटकेनंतर १९३० च्या मे महिन्यात सोलापूर पेटले, गोळीबारात तरुण शंकर शिवदारे पडले, पुढे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नाही आणि मग १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारून त्यांनी शहर पुन्हा ताब्यात घेतले, हा इतिहास सोलापूरच्या मुलांना शाळेत जाण्याआधीच घरी ऐकायला मिळतो. पुतळ्यांखाली एक शाळकरी मुलगा पाणीपुरी खात उभा होता आणि हातातली द्रोणाची वाटी सांभाळत धाकट्या बहिणीला एकेका पुतळ्याकडे बोट दाखवून नावे म्हणून दाखवत होता. चारही नावे त्याने बरोबर आणि त्याच ठरलेल्या क्रमाने घेतली.

दुपारी आजोबांना भेटायला गेलो. लिंगायतांमध्ये मृताला बसवून माती देतात. पद्मासन घातलेले, इष्टलिंग डाव्या तळहातावर, सोबत विभूती आणि बेल. माणूस ‘वारला’ असे न म्हणता ‘लिंगैक्य झाला’ असे म्हणतात. वर चौकोनी ओटा बांधतात. आजोबांच्या ओट्यावरचा चुना यंदाच्या पावसाने खरवडून निघाला होता. मामांनी भेगेतले गवत मुळासकट उपटले, बाटलीतले पाणी ओतून ओल्या रुमालाने पाटी पुसली आणि झिजलेल्या कन्नड अक्षरांवरून बोट फिरवत नाव वाचले. ते नाव त्यांना पाठ असूनही त्यांनी ते पहिल्यांदा वाचत असल्यासारखे एकेक अक्षर जुळवत वाचले. मग त्रिपुंड्राच्या तीन बोटांनी विभूती लावली. आजोबा गिरणीत साचेवाले होते. त्यांच्या नावाचा चौक कुठेही नाही, आणि या प्रवासात त्यांना भेटल्याशिवाय पुढे जाणे मला बरोबर वाटले नसते.

संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिर. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी म्हणून ओळखले जाई. तिथल्या सिद्धरामाने लोकांना सोबत घेऊन तळे खोदले, गावाभोवती ६८ लिंगे स्थापन केली, आणि ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या मुद्रेने कन्नडमध्ये वचने लिहिली. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू हे त्यांचे समकालीन. मंदिराच्या आवारातच त्यांची संगमरवरी समाधी आहे. चारी बाजूंनी तळ्याचे पाणी असल्यामुळे डिसेंबरातल्या संध्याकाळी तिथे बोचरा वारा असतो. या समाधीला ‘संजीवन’ म्हणतात, म्हणजे देह ठेवलेला माणूस इथून गेलेला नाही असे मानतात, आणि सोलापूरकर तसे वागतातही. दुकान उघडण्याआधी, परीक्षेला जाण्याआधी, लग्नाची पहिली पत्रिका घेऊन ते इथे येतात. मी स्वतः पुण्यातली पहिली नोकरी लागली तेव्हा आले होते.

दुसरा दिवस : अक्कलकोट

अक्कलकोट सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटर. स्वामी समर्थ इथे १८५६ च्या सुमारास आले आणि ३० एप्रिल १८७८ रोजी, शके १८०० च्या चैत्र वद्य त्रयोदशीला, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाने येणारा बहुतेक भाविक थेट वटवृक्ष मंदिरात जातो, कारण स्वामी त्या वडाखाली बसत. रांग, अन्नछत्राची गर्दी, प्रसादाची दुकाने हे सारे त्याच बाजूला आहे. त्यांची समाधी मात्र तिथे नाही. ती बुधवार पेठेत, चोळप्पाच्या घरी आहे.

हा चोळप्पा परिस्थितीने बेताचा गृहस्थ होता. स्वामी अक्कलकोटात आले, त्याच्याकडे राहिले आणि त्याने व त्याच्या घरच्यांनी त्यांची वर्षानुवर्षे सेवा केली. संस्थानच्या राजवाड्यात स्वामींचे जाणे-येणे होते, मानपान होता. पण अखेरीस त्यांना माती मिळाली ती या सेवेकऱ्याच्या घरात. चोळप्पा स्वामींच्या आधीच गेला होता आणि त्याची समाधीही याच ठिकाणी आहे. समाधिमठात आम्ही गेलो तेव्हा आत सात-आठच माणसे होती. एक बाई भिंतीला टेकून पोथी वाचत होत्या, ओळीखाली बोट धरून, ओठांतल्या ओठांत. पान उलटताना त्या थांबत, समाधीकडे पाहत आणि मग पुढे वाचत. वडाकडे तासभर रांगेत उभे राहिल्यावर माझ्या पदरी जे पडले नव्हते, ते इथे दहा मिनिटांत पडले. अक्कलकोटला जाणाऱ्या प्रत्येकाने वडाच्या मंदिरातून थोडे चालत बुधवार पेठेपर्यंत यावे, असे मला मनापासून वाटते.

राजवाड्यातले शस्त्रागार पाहून दुपारी परतलो. संस्थानचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले हे लहान मूल असताना पारदच्या लढाईनंतर आईने त्यांना शाहू महाराजांच्या पायांवर घातले होते, ही कथा मामांनी वाटेत सांगितली.

तिसरा दिवस : माचणूर आणि मंगळवेढा

मंगळवेढ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती. मालदांडी ज्वारीचा हा मुलूख. काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर ती वाढते. हुरड्याला अजून अवकाश होता, तरी मामांनी दोनदा गाडी थांबवायला लावून कणसे न्याहाळली.

वाटेत भीमेच्या काठी माचणूर लागते. इथे सिद्धेश्वराचे मंदिर आहे आणि त्याला लागून किल्ला. शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाने १६९५ पासून १६९९ पर्यंत आपली छावणी ठेवली होती आणि मराठ्यांशी चाललेल्या युद्धाचा कारभार तो इथून पाहत होता. पुढे १७०७ मध्ये तो अहमदनगरला मेला आणि खुलदाबादला एका सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात, त्याच्याच इच्छेप्रमाणे, उघड्या आभाळाखालच्या साध्या कबरीत त्याला पुरले. त्याने इथे काढलेल्या चार वर्षांची खूण म्हणून किल्ल्याच्या भिंती तेवढ्या राहिल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या.

मंगळवेढा हे गाव आमच्या घरी फार आदराने घेतले जाणारे नाव, कारण कलचुरी राजा बिज्जळाच्या पदरी बसवेश्वरांनी कारणिकाची, म्हणजे हिशेबनिसाची, नोकरी धरली ती इथे. त्यांचे ऐक्यस्थळ कर्नाटकात कूडलसंगमाला आहे. पण मी मंगळवेढ्याला आले होते ते चोखोबांसाठी.

गावाच्या कुसवाचे काम चालू होते. त्या कामावर वेठीला धरलेल्या महारांमध्ये संत चोखामेळा होते. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये ते कुसू कोसळले आणि त्याखाली कामकरी गाडले गेले. पंढरपुरातून नामदेव आले, पण ढिगाऱ्याखालची हाडे कोणाची कोणती, हे ओळखायचे कसे? ज्या हाडांतून ‘विठ्ठल विठ्ठल’ असा नाद येईल ती चोखोबांची, या खुणेने नामदेवांनी एकेक अस्थी कानाला लावून पाहिली आणि त्या घेऊन ते पंढरपूरला गेले, असे परंपरा सांगते. गावात चोखोबांच्या स्मृतिस्थानापाशी उभी असताना, ते गीत-कीर्तनांतून शेकडो वेळा ऐकलेले दृश्य मला प्रथमच नीट दिसले: एक शिंपी समाजातला संत मातीत बसला आहे आणि ज्यांना हात लावायला गाव तयार नव्हते, त्यांची हाडे कानाशी नेतो आहे. नाद आला की नाही, हा माझ्यापुरता प्रश्नच उरला नाही. ज्याने ती हाडे उचलली, त्याचे ते उचलणे तेवढे मनात राहिले.

दामाजीपंतांच्या मंदिरात गेलो. बहामनी काळातले हे मंगळवेढ्याचे अंमलदार. दुष्काळात लोक उपाशी मरताना पाहून त्यांनी सरकारी कोठारे खुली केली, बिदरहून त्यांना पकडून न्यायचे फर्मान सुटले आणि तेव्हा स्वतः विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाकडे धान्याची रक्कम भरली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. मामा मंदिराच्या पायरीवर बसून म्हणाले, “बघ बाळ, याच गावात चोखोबा वेठीला मेले आणि याच गावासाठी देव महार झाला. लोकांना आत कुठंतरी कळत होतं.” त्यावर मला काही बोलता आले नाही. दुपारी एका खानावळीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठले खाल्ले आणि अंधार पडण्याआधी पंढरपूर गाठले.

चौथा दिवस : पंढरपूर

पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात गेलो. पुंडलिकाचे मंदिर म्हणजे त्याची समाधी, असे मानतात. तिथली पूजा महादेव कोळी समाजाकडे आहे. ज्या भक्ताने देवाला विटेवर थांबवून ठेवले, त्याची जागा देवळापासून दूर, पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या वाळूत आहे, आणि वारकरी चंद्रभागेत स्नान केल्यावर आधी त्याचेच दर्शन घेतात.

मग महाद्वार. नामदेवांनी शके १२७२ मध्ये, इसवी सन १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, इथे समाधी घेतली. देवाकडे जाणाऱ्या संतांच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी ही जागा मागितली आणि त्यांच्यासोबत घरच्या मंडळींनीही देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. ती पायरी पितळेने मढवलेली आहे. धूळ पडावी म्हणून मागितलेल्या पायरीवर प्रत्यक्षात कोणी पाय देत नाही. माणसे वाकतात, हात लावतात आणि बाजूने जातात. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावीही नामदेवांची समाधी सांगतात. तिथे त्यांनी आयुष्याचा उत्तरकाळ घालवला असे शीख परंपरा मानते, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच नात्याने घुमानला भरले होते. दोन्हींपैकी खरी कोणती, असा वाद करण्यात मला रस नाही. एका माणसाच्या मातीवर दोन प्रांतांनी हक्क सांगावा, यात त्या माणसाचे मोठेपणच आहे.

नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याहून आणलेल्या अस्थी नामदेवांनी इथे ठेवल्या. समाधी लहान आहे. दर्शनाच्या घाईत असलेला माणूस ती न पाहता सहज पुढे जातो. मी तिथे तासभर तरी बसले असेन. मराठवाड्याकडून आलेली एक म्हातारी, नऊवारीचा काष्टा सावरत, समाधीपुढे आली. तिने कमरेची चंची सोडून बुक्क्याची पुडी काढली, चिमूटभर समाधीला लावला, तेच बोट स्वतःच्या कपाळाला लावले आणि तुळशीची एक मंजिरी ठेवली. ती वाऱ्याने घरंगळली, तशी तिने उचलून पुन्हा ठेवली आणि या खेपेस वर एक छोटा खडा ठेवला. सोबतची सून “आत्याबाई, बारी सुटली की” म्हणून घाई करत होती. म्हातारी म्हणाली, “सुटू दे. आधी ह्यास्नी भेटायचं, मग आत. ह्ये सहाशे वर्षं हितंच थांबल्यात.”

तिचा हिशेब अचूक होता. अस्पृश्य मानलेल्या भक्तांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि त्यानंतर दार उघडले. १३३८ पासून १९४७ पर्यंत ६०९ वर्षे होतात. या सगळ्या काळात चोखोबांचे अभंग देवळात गायले जात होते आणि अभंग लिहिणाऱ्याच्या जातीची माणसे याच समाधीपासून हात जोडून माघारी फिरत होती. मी त्या समाधीपासून उठून महाद्वारातून आत गेले, तेव्हा त्या दाराचा उंबरा मला इतर वेळेसारखा ओलांडता आला नाही. पाय आपोआप थांबले.

आत, दक्षिणेकडच्या दारापाशी, कान्होपात्रेचे स्थान आहे. तीही मंगळवेढ्याची, गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाने तिला उचलून नेण्यासाठी माणसे पाठवली तेव्हा ती विठ्ठलाच्या पायांशी आली आणि तिथेच तिने प्राण सोडला. तिला देवळाच्या आवारातच पुरले आणि त्या जागी तरटीचे झाड उगवले, असे सांगतात. विठ्ठलमंदिराच्या आवाराच्या आत समाधी आहे ती एवढ्या एकीचीच. राजे, सरदार, महंत, ज्यांनी देवळाला गावे इनाम दिली आणि ओवऱ्या बांधल्या, त्यांपैकी कोणालाही ही जागा मिळाली नाही. एकाच गावाची दोन माणसे. एकाची हाडे दाराबाहेर राहिली आणि एकीला आत माती मिळाली. हे असे का झाले, याचे उत्तर मी मामांना विचारले. ते थोडा वेळ झाडाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “तिला आत येण्यापासून थांबवायला कुणाला वेळच मिळाला नसेल.”

दुपारनंतर मोहोळमार्गे निघालो. याच भागात, आष्टीला, फेब्रुवारी १८१८ मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. सूर्य मावळत होता, म्हणून आत वळलो नाही; मामांनी हात जोडले तेवढेच.

सोलापुरात बाळीवेशीत पोहोचेपर्यंत रात्र झाली होती आणि रस्ता अडला होता. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा महिन्यावर आल्यामुळे नंदीध्वजांचा सराव चालू होता. नंदीध्वज म्हणजे सिद्धरामांचा योगदंड; त्यांच्याशीच लग्न लावीन म्हणणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह अखेर या दंडाशी लागला, म्हणून संक्रांतीच्या या यात्रेत अक्षता पडतात. मानाचे सात नंदीध्वज असतात आणि त्यांतले शेवटचे दोन मातंग समाजाकडे आहेत. एक तरुण कमरेला पट्टा बांधून तो उंच दंड पेलत होता, चौघे-पाच जण हात वर धरून सोबत सरकत होते, आणि वर विजेच्या तारांकडे लक्ष ठेवणारा एक जण कन्नडमध्ये ओरडून अंतर सांगत होता. मी गाडी बंद केली. मामा उतरले, पायांतल्या चपला काढून त्यांनी गाडीत ठेवल्या आणि ते त्या मुलांच्या मागोमाग चालू लागले.